तीळ, मस, चामखीळ

दिवाळीच्या अंकात कॅन्सर कशाला, असे काही वाचक म्हणतील, आणि त्यांचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. एका हाताने चकली मोडता मोडता दुसऱ्या हाताने पाने उलटायची, असा हा अंक. पण या सदरात मी शब्दांविषयी लिहिते, आणि गेले वर्षभर काही शब्दांनी माझा पिच्छा पुरवला आहे. तीळ, मस, लास, चामखीळ, वांग, पुळी, केसतूड, गळू, कुरूप, घट्टा, नखुरडे, इसब, नायटा, गजकर्ण. माणसाच्या कातडीवर जे जे म्हणून उगवते, त्या प्रत्येकाला मराठीने नाव ठेवले आहे. नावे ठेवण्यात आपला हात कोण धरणार!

या श्रीमंतीत एक धोका मात्र आहे. नाव सापडले की आपल्याला निदान झाल्यासारखे वाटते. “काही नाही हो, चामखीळ आहे.” “कुरूप झालंय, ब्लेडने तासून टाका.” “नायटा आहे, मलम लावा.” घरातले वडीलधारे माणूस असे बोलले की प्रकरण मिटते. आणि त्वचेचा कर्करोग राहतो तो नेमका या ओळखीच्या नावांच्या आडोशाला. पहिल्या दिवशी तो भयंकर वगैरे काही दिसत नाही. एखादा तीळ, एखादी न भरणारी पुळी, चिघळलेली जखम, काळे पडलेले नख, एवढेच त्याचे रूप असते. आणि बहुतेक वेळा तो दुखत नाही.

कर्क म्हणजे खेकडा. गाठीभोवती फाकलेल्या शिरा पाहून ग्रीक वैद्यांना खेकडा आठवला, लॅटिनने त्याचा कॅन्सर केला, आणि आपण त्या खेकड्याचे सरळ भाषांतर करून घेतले. सुश्रुताचा अर्बुद हा शब्द पोथीतच राहिला. याच अंकात पुढे कुठे तरी वार्षिक राशिभविष्य असेल. कर्क राशीच्या वाचकांनी माझ्या या पानामुळे दचकू नये.

भविष्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आपल्याकडे तिळाकडे पाहण्याचे एक जुने शास्त्र आहेच. उजव्या गालावर तीळ असला तर धनलाभ, तळपायावर असला तर प्रवासयोग, असे कोष्टक छापलेली पुस्तके अजून बसस्टँडवर मिळतात. कवींनी तर गालावरच्या आणि हनुवटीवरच्या तिळासाठी किती शाई खर्च केली असेल, त्याचा हिशेब नाही. तळपायाच्या तिळावर मात्र कोणी कविता केलेली माझ्या वाचनात नाही. आणि आपल्या लोकांनी निरखून पाहावा असा तीळ जर कोठला असेल, तर तो तळपायाचा. त्याकडे मी येणारच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्या सावळ्या कातडीतला रंग ही एक मोठी छत्री आहे. ऑस्ट्रेलियात किंवा युरोपात गोऱ्या माणसांना त्वचेचा कर्करोग जितका होतो, त्याच्या मानाने आपल्याकडे तो फारच थोडा. त्यामुळे तिकडच्या लोकांसाठी लिहिलेली पत्रके वाचून आपण दोन्ही बाजूंनी फसतो. काहीजण उगाच घाबरतात. काहीजण म्हणतात, हा गोऱ्यांचा रोग, आपल्याला काय त्याचे? ती पत्रके सांगतात: ऊन टाळा, चेहरा पाहा, हात पाहा, पाठ पाहा. त्यांचे त्यांच्यापुरते बरोबर आहे. आपल्याकडे रोग कमी खरा, पण जो होतो तो पुष्कळदा ऊन न लागणाऱ्या जागी होतो, आणि तिथे कोणी पाहतच नाही, म्हणून उशिरा सापडतो.

मुख्य प्रकार तीन. नावे इंग्रजी आहेत, पण अवघड नाहीत. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी पेशींची एक ओळ असते. तिच्यातून निघतो तो बेसल सेल कार्सिनोमा. त्याच्यावरच्या चपट्या, खवल्यांसारख्या पेशींतून निघतो तो स्क्वेमस सेल कार्सिनोमा. लॅटिनमध्ये स्क्वामा म्हणजे खवलाच. आणि रंग तयार करणाऱ्या पेशींतून निघतो तो मेलानोमा. ग्रीक भाषेत मेलास म्हणजे काळा.

पहिला त्यातल्या त्यात गरीब. तो मुख्यतः चेहऱ्यावर येतो, नाकावर, डोळ्याच्या कोपऱ्यात, पापणीवर, कानापाशी. आणि त्याचे नाते उन्हाशी आहे. मोत्यासारखा चकचकीत, कडेला किंचित उचललेला, वरून बारीक रक्तवाहिन्या दिसणारा उंचवटा, असे त्याचे वर्णन पुस्तकांत असते. पण ते गोऱ्या कातडीवरचे. आपल्या कातडीवर हा पुष्कळदा काळा असतो. काळा चकाकणारा मणी चिकटवावा तसा, किंवा कडेला असे काळे मणी ओवलेले आणि मध्ये खळगा. साहजिकच घरचे म्हणतात, तीळ आहे. चष्म्याची दांडी लागते, टॉवेलने तोंड पुसताना थेंबभर रक्त येते, खपली धरते, खपली पडते, आठ दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. हा रोग शरीरात दूरवर सहसा पसरत नाही, पण जागच्या जागी खात राहतो. डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी १८२७ साली पापणीवरच्या अशा व्रणाचे वर्णन केले, आणि पुढे उंदराने कुरतडल्यासारखा म्हणून त्याला इंग्रजीत उंदराच्याच जातीचे नाव पडले. पाच-सहा वर्षे त्याला मोकळे सोडले तर नाकपुडी जाते, डोळ्यापर्यंत पोचतो. वेळेवर काढला तर बहुतेक कायमचा जातो. ज्यांच्या कातडीत जन्मतःच रंग नाही अशा माणसांनी मात्र याला आणि याच्या पुढच्या भावाला फार जपले पाहिजे. त्यांच्याजवळ ती छत्रीच नाही. (कोड हे प्रकरण निराळे. कोडाचे पांढरे डाग म्हणजे कर्करोग नव्हे.)

दुसऱ्या प्रकाराविषयी मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तो माझ्या घरात येऊन गेला.

माझी एक आत्या आहे. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, नेसणे नऊवारी, आणि स्वभाव असा की दुखणे सांगणे म्हणजे तिला कमीपणा वाटतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती आमच्याकडे राहायला आली. एकदा लुगडे बदलताना तिच्या कमरेशी, उजव्या बाजूला, फडक्याची घडी खोचलेली मला दिसली.

“काय गं आत्या, काय झालंय?”

“काही नाही गं. लुगडं लागतं.”

“कधीपासून?”

“झाली की दोन वर्षं. आधी काळं पडलं होतं, मग खाजायचं, मग फुटलं. हळद लावते मी.”

“आणि दुखतं का?”

“दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?”

गावाकडच्या डॉक्टरांनी आठ महिने मलमे दिली होती. त्यांनी जखम पाहिली होती का, असे विचारल्यावर म्हणाली, “पुरुष माणसाला कंबर कशी दाखवायची? मी तोंडानं सांगितलं.” मी ती घडी काढली. जुन्या रुपयाएवढा व्रण होता. कडा बाहेरच्या बाजूला उलटलेल्या आणि बोटाला कठीण लागणाऱ्या. मध्ये ओलसर, दाणेदार, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे मांस. फडके ओढले तशी रक्ताची रेघ उमटली. वासही येत होता. दुसऱ्या दिवशी आम्ही त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई असल्याने आत्या निमूट आली, हे मुद्दाम लिहून ठेवते. बाईंनी कडेचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि त्याचे उत्तर स्क्वेमस सेल कार्सिनोमा असे आले. व्रण भोवतालच्या निरोगी कातडीसह काढावा लागला, मांडीवरची कातडी तिथे लावावी लागली, जांघेतल्या गाठी तपासल्या. त्या सुदैवाने साफ होत्या. आत्या आता बरी आहे. दर तीन महिन्यांनी तपासणीला येते आणि येताना भाकरीचे पीठ आणते.

या रोगाची आणि आपल्या नेसण्याची ओळख जुनी आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. माणसाच्या राहणीतल्या सवयींतून कोणकोणते कर्करोग होतात, हा त्याचा विषय, आणि त्यात धोतराचा कर्करोग होता. वर्षानुवर्षे त्याच जागी आवळून बांधलेले धोतर, घाम, धूळ, घर्षण. आधी कातडी काळी किंवा फिकी पडते, जाड होते, मग भेगाळते, मग न भरणारी जखम. पुढे साडीचा परकर नाडीने आवळणाऱ्या बायकांतही हेच सापडले. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारातल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध बायकांची हकीकत इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्यांतल्या एकीचा व्रण दीड वर्ष भरत नव्हता. दुसरी चाळीस वर्षे आत परकर न घालता लुगडेच आवळून नेसत होती, आणि तिचा रोग जांघेच्या गाठीपर्यंत गेला होता. वर्तमानपत्रांनी त्या बातमीला भडक मथळे दिले आणि चार दिवसांनी विसरली. लुगडे नेसल्याने कॅन्सर होतो असा तिचा अर्थ नाही. कोट्यवधी बायका नेसल्या आणि त्यांना काही झाले नाही. पण कमरेची कातडी एकाच रेषेत काळी पडून खवले धरू लागली, तर गाठ सैल करावी, जागा बदलावी, नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा. आणि जखम झाली व महिनाभरात भरली नाही, तर ती कोणाला तरी दाखवावी. दाखवावी म्हणजे उघडी करून दाखवावी.

कातडीला एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे छळले की हा रोग होतो, हे डॉक्टरांना फार पूर्वी कळले आहे. लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या बाबतीत ते लिहिले. ही मुले उघड्या अंगाने काजळीत उतरत आणि मोठेपणी त्यांच्या वृषणाच्या कातडीवर कर्करोग होई. काश्मिरात हिवाळ्यात लोक फिरनच्या आत कांगडी घेऊन बसतात. तिथल्या एल्म्स्ली नावाच्या डॉक्टरांनी १८६६ साली मांड्यांवर आणि ओटीपोटावर होणाऱ्या कर्करोगाचा संबंध या शेगडीशी जोडला. आधी कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात, मग पुढचे.

आपल्याकडे कांगडी नाही, पण भाजण्याचे वण पुष्कळ आहेत. जुन्या भाजलेल्या वणात वीस-तीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, हाच रोग उद्भवू शकतो. एकोणिसाव्या शतकातल्या मार्जोलां या फ्रेंच शल्यवैद्याच्या नावाने तो व्रण ओळखला जातो. ज्या पिढीने रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक केला, तिच्यातल्या किती तरी जणींच्या हातांवर, गळ्यावर, पोटावर असे वण आहेत. त्या आता साठी-सत्तरीत आहेत. वण जुना, म्हणून त्याकडे कोणाचे लक्ष नाही. त्या वणात नवी गाठ आली, भेग पडून भरेना, कड उलटू लागली, तर “जुनंच आहे ते” हे उत्तर पुरे समजू नये. पायावरच्या शिरांच्या जुनाट जखमा, हाडातून वाहणारे जुने नासूर, महारोगातल्या बधिर पायाचे व्रण, यांनाही हेच लागू. उन्हाने होणारा प्रकारही आहेच. ओठावर, कानाच्या पाळीवर, टकलावर, हाताच्या पाठीवर खरखरीत, सोलपटे निघणारा चट्टा उठतो, आणि तो पुढे जाड, टणक होऊन फुटतो.

जुन्या काळी औषधात सोमल देत, तोही कातडीवर उठे, हे जाता जाता सांगते. बंगालात कूपनलिकांच्या पाण्यातूनच सोमल पोटात जातो. कलकत्त्याचे डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ साली तो प्रकार ओळखला. छातीपाठीवर पावसाच्या थेंबांसारखे डाग, तळहात-तळपायांवर तांदळाच्या कण्यांसारखे कठीण दाणे, आणि पुढे काहींना कर्करोग.

आता तिसरा, मेलानोमा. आपल्याकडे हा विरळा, पण तिघांत सर्वांत घातकी. गोऱ्या माणसांत तो पाठीवर, पायाच्या पोटऱ्यांवर येतो. सावळ्या आणि काळ्या माणसांत त्याच्या आवडीच्या जागा म्हणजे तळपाय, तळहात आणि नखाखालची कातडी. तिथे त्याचा उन्हाशी संबंध नसतो.

आमच्या कॉलेजातल्या मुलांच्या शर्टावर बॉब मार्लीचे चित्र असते. तो कोण, हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसते. तो कशाने गेला, हे तर कोणालाच नाही. जमैकाचा हा गायक फुटबॉलवेडा होता. पायाच्या अंगठ्याचे नख दुखावले ते खेळताना, अशी समजूत झाली. १९७७ साली कळले की नखाखाली मेलानोमा आहे. अंगठा काढावा असे डॉक्टर म्हणाले, त्याने नकार दिला. नख आणि त्याखालचा भाग तेवढा काढला. १९८१च्या मे महिन्यात तो वारला. वय ३६.

“ठेच लागली होती,” “काटा मोडला होता,” “दारात बोट सापडलं होतं,” ही आपल्याकडची त्याचीच भाषांतरे. ठेच आठवत असतेच. कोणाला आठवत नाही? म्हणून नखाच्या बाबतीत पाहण्याची एक युक्ती सांगते. नख ठेचून खाली रक्त साकळले असेल तर तो काळा डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि मागे, मुळाशी, स्वच्छ नख दिसू लागते. हाताचे नख सुमारे सहा महिन्यांत नवे होते, पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष लागते. डाग सरकतच नसेल, मुळापासून टोकापर्यंत काळी-तपकिरी रेघ कायम असेल, ती रुंदावत असेल, नख चिरत असेल, तर ठेचेची गोष्ट बाजूला ठेवावी. आणि तो काळेपणा नखाच्या बाहेर, नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर सांडला असेल, तर एक दिवसही थांबू नये. सर जोनाथन हचिन्सन यांनी ही खूण १८८६ साली लिहून ठेवली. डॉक्टर मंडळी अजून ती त्यांच्याच नावाने ओळखतात. मात्र आपल्या लोकांत अनेक नखांवर फिकट तपकिरी रेघा असणे सर्रास आहे. त्यांनी घाबरू नये. एकाच बोटावर, मोठेपणी, नव्याने उमटलेली रेघ ही दाखवण्याची.

तळपायाचे तसेच. टाचेवर किंवा चवड्यावर काळा डाग, शाई सांडल्यासारख्या वेड्यावाकड्या कडांचा, कुठे गडद कुठे फिका. किंवा ज्याला सगळे कुरूप म्हणतात पण जे तासले की रक्त येते, भरत नाही आणि पुन्हा वाढते. काही मेलानोमांना काळा रंगच नसतो. तांबूस मांसाचा कोंब दिसतो. कुरुपावर पट्ट्या लावून, ब्लेड चालवून दोन महिने झाले आणि बरे वाटत नाही, तर ते कुरूप नसेल, एवढी शंका घ्यावी.

इतर ठिकाणच्या तिळांसाठी न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ साली इंग्रजी मुळाक्षरांची चार खुणांची युक्ती काढली, पुढे २००४ साली तिला पाचवे अक्षर जोडले. मी ती आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गात मराठीत करायला दिली. बऱ्याच भांडणानंतर मुलांनी जे केले ते असे: आकार, कडा, रंग, रुंदी, रूपांतर. तिळाच्या मधोमध रेघ कल्पिली तर दोन्ही अर्धे सारखे नाहीत, तो आकार. कडा करवतलेल्या, अस्पष्ट. रंग एकसारखा नाही. काळा, तपकिरी, मध्येच निळसर किंवा पांढुरका. रुंदी पेन्सिलीच्या मागच्या रबरापेक्षा, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरपेक्षा, जास्त. आणि रूपांतर, म्हणजे गेल्या काही महिन्यांत तो बदलला. पाचांची आद्याक्षरे जोडून म्हटली तर रिक्षा सुरू होत नसल्यासारखा आवाज होतो, अशी एका मुलाची टीका. पण त्यामुळेच ती वर्गाच्या लक्षात राहिली. पाचांत वजनदार पाचवी. काही मेलानोमा गोल, एकरंगी आणि सभ्य दिसतात. ते फक्त भराभर वाढतात, वर उचलतात आणि टणक लागतात. आणखी एक सोपी खूण: अंगावरचे बाकीचे तीळ एका घरचे वाटतात, आणि एकच वेगळा. डॉक्टर त्याला अँडरसनच्या गोष्टीतल्या बदकाच्या पिलाचे नाव देतात. मराठी मुलांना ते पिलू माडगूळकरांच्या गाण्यातून माहीत आहे. इथे मात्र शेवट राजहंसात होत नाही.

लवकर का, याचे उत्तर मिलिमीटरांत आहे. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली दाखवले की मेलानोमा कातडीत किती खोल गेला, त्यावर रोग्याचे पुढचे अवलंबून असते. १ मिलिमीटरपेक्षा पातळ असताना काढला तर बहुतेक माणसे बरी होतात. ४ मिलिमीटरपर्यंत गेल्यावर गोष्ट पालटते. या दोन आकड्यांच्या मधले अंतर म्हणजे घरोघरी “बघू दिवाळीनंतर” म्हणण्यात गेलेले महिने.

आणखीही प्रकार आहेत. एक तर कातडीचा लिम्फोमा. मांड्यांवर, नितंबांवर, पोटावर फिके किंवा तांबूस, किंचित सोलपटणारे चट्टे. त्यांवर गजकर्णाची आणि इसबाची मलमे वर्षानुवर्षे चालतात, थोडे कमी होते, पुन्हा येते. नीट उपचार होऊनही जो चट्टा मुळीच ऐकत नाही, त्याचा तुकडा तपासून घ्यावा.

भीती घालायला मी बसलेली नाही. उतारवयात पाठीवर मेण चिकटवल्यासारखे खरबरीत तपकिरी डाग येतात, मानेवर लोंबते मस येतात, गालांवर बारीक काळे दाणे येतात (आपल्या बायकांना विशेष), छातीवर लालभडक थेंब येतात. हे सगळे निरुपद्रवी. आमच्या स्टाफरूममध्ये मी हा विषय काढल्यापासून दोघातिघांनी मला कॉलर खाली करून मान दाखवली. मी त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवले, कारण मी मराठीची एम. ए. आहे. तिघेही हसत परत आले.

रागावून लिहावे अशी गोष्ट निराळीच. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात, मसावर चुना आणि पापडखार ठेवतात, ब्यूटी पार्लरमध्ये तीळ यंत्राने जाळून देतात. ज्याला तुम्ही चामखीळ समजता ती चामखीळ असली तर नुकसान थोडे. नसली तर वरचा शेंडा जळतो, खूण पुसली जाते आणि खाली रोग वाढत राहतो. आणि जाळलेल्या वस्तूची तपासणी कशी करणार? शरीरावरून जे काढायचे ते डॉक्टरांनी काढावे, आणि काढलेले तपासायला जावे.

याच्या उलट दुसरा समज: सुरी लागली की कॅन्सर पसरतो. आत्याच्या वेळी हे मला निदान पाच माणसांनी फोन करून सांगितले, त्यांतले दोघे इंजिनिअर. त्वचेचा तुकडा काढून तपासल्याने रोग पसरत नाही. उलट तो कोणता, किती खोल, किती काढायचा, हे त्याशिवाय कळत नाही. जागा बधिर करण्याचे इंजेक्शन, तीन-चार मिलिमीटरचा तुकडा, एखादा टाका. आत्या म्हणाली, याहून बांगडी भरताना जास्त दुखतं.

नरक चतुर्दशीच्या पहाटे तेल लावणे होते. एरवी वर्षभर आपण एकमेकांचे तळपाय पाहत नाही. तेल चोळणाऱ्या हाताला खरखर, कठीण कड, नवा उंचवटा डोळ्यांआधी लागतो. डोक्यात तेल जिरवताना केसांतली कातडी, कानांच्या मागे, कमरेची रेषा, जुने वण, तळपाय, बोटांच्या बेचक्या. नखांना रंग असेल तर आदल्या रात्री काढून ठेवावा. एकटे राहणाऱ्यांनी तळपायासाठी जमिनीवर आरसा ठेवून वर पाय धरावा. आणि कोणाला “दुखतं का?” असे विचारू नये, “कधीपासून आहे? एवढंच होतं का?” असे विचारावे. आठवत नसेल तर शेजारी फूटपट्टी धरून त्या जागेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा आणि महिन्याने पुन्हा एक काढावा. तारीख फोटोवर आपोआप राहते.